केमोनंतरची मळमळ आणि उलट्या : घरी काय करावे, कधी करावे

माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पहिली केमो दिली, तेव्हा त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिला एकही उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वाटले, की त्रास नसताना एवढ्या गोळ्या कशाला पोटात घालायच्या, आणि उरलेल्या गोळ्या मी कपाटात ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता मोरीतला दिवा लागलेला दिसला. आई पाटावर बसून बादलीच्या कडेला धरून होती, पोटात काही नसल्यामुळे नुसते कोरडे उमासे येत होते, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत घोटभर पाणीही तिच्या पोटात ठरले नाही. औषधांची चिठ्ठी पुन्हा वाचली, तेव्हा त्या गोळ्यांपुढे चौथ्या दिवसापर्यंतच्या वेळा स्पष्ट लिहिलेल्या होत्या आणि ‘गरज पडल्यास’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. केमोच्या उलट्यांवरची औषधे उलटी थांबवण्यापेक्षा ती होऊच नये म्हणून जास्त चांगली चालतात, ही एक गोष्ट मला त्या पहाटेपूर्वी कोणी नीट समजावून सांगितली असती, तर आईचा तो दिवस वाचला असता. पुढे जे लिहिले आहे, ते रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठी आहे, कारण केमो रुग्णालयात दिली जात असली तरी उलट्यांचे सर्वांत कठीण दिवस बहुतेक वेळा घरीच काढावे लागतात.

उलटी का होते, हे आधी समजून घ्यावे

आपल्याकडे उलटी झाली की ‘पित्त झाले’ असे लगेच म्हटले जाते, आणि हिरवट-पिवळे कडू पाणी पडले की त्याची खात्रीच पटते. रिकाम्या पोटी वारंवार उलटी झाली तर पित्तरस वर येतो हे खरे. पण केमोच्या उलटीचे मूळ तिथे नसते, आणि म्हणून केवळ आम्लपित्ताची गोळी किंवा सोडा देऊन ती थांबत नाही. केमोचे औषध आतड्याच्या अस्तरावर परिणाम करते, तिथल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन मोठ्या प्रमाणात सोडतात, आणि पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नावाची नस हा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्रापर्यंत पोहोचवते. ही वाट मुख्यतः पहिल्या २४ तासांत चालू असते. त्यानंतर, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत, मेंदूतले ‘सबस्टन्स पी’ नावाचे दुसरे रसायन पुढाकार घेते. सिसप्लॅटिन या औषधाचा उशिराचा त्रास तर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. पहिला दिवस शांत गेला म्हणून धोका टळला असे समजायचे नाही, ते यामुळेच. आणि दोन वेगळ्या वाटा अडवायच्या असल्यामुळे चिठ्ठीत दोन-तीन किंवा चार वेगवेगळी औषधे असतात. त्यांतले एक कमी केले तर एक वाट उघडी राहते.

प्रत्येक केमोने सारख्या उलट्या होत नाहीत. प्रतिबंधक औषधे दिली नाहीत तर सिसप्लॅटिनने, तसेच स्तनाच्या कर्करोगात एकत्र दिल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या जोडीने शंभरांतल्या ९० हून अधिक रुग्णांना उलट्या होतील, असे मानले जाते. ऑक्सालिप्लॅटिन आणि इरिनोटेकान यांचा धोका मध्यम, म्हणजे शंभरात ३० ते ९० असा आहे. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, जेमसायटाबिन यांचा कमी आहे, आणि व्हिन्क्रिस्टिन किंवा ब्लिओमायसिन यांच्यामुळे सहसा उलट्या होतच नाहीत. म्हणून शेजारच्या काकूंना काय झाले होते, यावरून आपल्या माणसाला काय होईल याचा अंदाज बांधू नये. डॉक्टरांना सरळ विचारावे, की या औषधांचा उलटीचा धोका जास्त, मध्यम की कमी, आणि किती दिवसांपर्यंत. जुन्या पिढीच्या मनात केमो म्हणजे दिवसभर बादलीपाशी बसणे, हे जे चित्र आहे ते खोटे नव्हते. सिसप्लॅटिन १९७८ मध्ये अमेरिकेत वापरात आले, आणि त्यावर प्रभावी ठरणारे ऑन्डान्सेट्रॉन १९९१ मध्ये आले. मधल्या काळातल्या रुग्णांनी खरोखरच फार सोसले. आज ती परिस्थिती नाही. औषधे वेळेवर घेतली तर बहुतेक रुग्णांच्या उलट्या टाळता येतात, मात्र मळमळ उलटीपेक्षा चिवट असते आणि ती पूर्ण जाईलच असे नाही.

काही माणसांना मुळातच जास्त त्रास होतो : स्त्रिया, पन्नाशीच्या आतले रुग्ण, गरोदरपणात खूप उलट्या झालेल्या बायका, आणि प्रवासात गाडी लागणारी माणसे. कुंभार्ली घाटातून एसटीने चिपळूणला जाताना हमखास पिशवी लागत असेल, तर ही गोष्ट क्षुल्लक समजून लपवू नये. पहिल्या केमोपूर्वी ती डॉक्टरांना सांगितली, तर औषधे सुरुवातीपासूनच त्या हिशोबाने देता येतात.

गोळ्यांचे वेळापत्रक

घरच्या माणसाचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी चिठ्ठी हातात घेऊन प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात : ही गोळी ठरलेल्या वेळी घ्यायचीच आहे की त्रास झाला तरच घ्यायची आहे, जेवणाआधी की नंतर, आणि कोणत्या दिवसापर्यंत. चिठ्ठीवर ‘एसओएस’ लिहिलेले असेल तर ती गरजेपुरती गोळी आहे. तसे लिहिलेले नसेल तर ती घ्यायचीच आहे, मग रुग्ण कितीही बरा दिसो. आम्ही दुसऱ्या केमोपासून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत प्रत्येक गोळीचे पहिले अक्षर लिहून ठेवत असू आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारत असू. मोबाइलचा गजर लावला तरी ही कागदावरची फुली हवी, कारण थकलेल्या घरात ‘तू दिलीस का, मी दिली का’ हा गोंधळ रोज होतो.

चिठ्ठीत सहसा कोणती औषधे दिसतात, ते माहीत असलेले बरे. ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन ही सेरोटोनिनची वाट अडवणारी औषधे आहेत. पॅलोनोसेट्रॉन शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून केमोपूर्वी दिलेले त्याचे एक इंजेक्शन अनेकदा पुरते. या गटातल्या औषधांनी डोके दुखू शकते आणि अनेकांना बद्धकोष्ठ होते. शौचाला न होणे हेच पुढे मळमळीचे कारण बनते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन दिवस पोट साफ झाले नाही तर डॉक्टरांनी दिलेले सारक औषध सुरू करावे आणि ते आधीच लिहून मागून घ्यावे. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचे कोणतेही औषध मात्र विचारल्याशिवाय वापरू नये, कारण केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना तिथल्या लहानशा जखमेतूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो.

ॲप्रेपिटंट हे दुसरी वाट, म्हणजे ‘सबस्टन्स पी’ची, अडवते. त्याच्या कॅप्सूल बहुधा तीनच असतात : पहिल्या दिवशी केमोच्या साधारण एक तास आधी १२५ मिलिग्रॅमची, आणि पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅमची एकेक. पुढच्या दोन दिवसांच्या कॅप्सूल महाग वाटतात म्हणून त्या टाळल्या जातात. परवडत नसतील तर तसे डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला सांगावे, पण गुपचूप सोडू नयेत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. ते सकाळी, काही खाऊन घ्यावे, कारण रात्री घेतले तर झोप उडते आणि रिकाम्या पोटी घेतले तर जळजळ होते. काहींना त्याने उचक्याही लागतात. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर वाढते, म्हणून ती रोज तपासावी. उलट्यांमुळे खाणे बंद असेल, तर इन्सुलिन किंवा साखरेची गोळी नेहमीच्या मात्रेत देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

ओलान्झापिन या गोळीबद्दल वेगळे सांगायला हवे. ही गोळी मुळात मानसिक आजारासाठी वापरली जाते, आणि औषधाच्या दुकानात कोणी तसे बोलून गेले किंवा घरातल्या कोणी मोबाइलवर शोधले, की ‘आम्हाला वेड्याची गोळी का दिली’ म्हणून ती बाजूला पडते. कृपया तसे करू नका. मळमळीवर ही गोळी अतिशय उपयुक्त आहे आणि उशिराच्या त्रासावर तर विशेषच. तिने झोप येते, म्हणून ती रात्री घ्यावी. मात्रेबद्दल आपल्या मुंबईतच महत्त्वाचे काम झाले आहे : परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अडीच मिलिग्रॅमची मात्रा दहा मिलिग्रॅमपेक्षा उलटी रोखण्यात कमी पडली नाही आणि तिने दिवसा येणारी गुंगी मात्र कमी झाली. त्यामुळे रुग्ण दिवसभर पेंगत असेल तर गोळी बंद करण्याऐवजी मात्रा कमी करता येईल का, हे विचारावे. वयस्कर माणूस ही गोळी घेऊन रात्री लघवीला उठला तर त्याचा हात धरायला कोणीतरी जागे असावे. अंधारात तोल जाण्याची भीती खरी आहे.

घरात पूर्वीच्या आजारपणातली मेटोक्लोप्रमाइड किंवा डॉम्पेरिडोनची उलटीवरची गोळी पडलेली असते, ती आपल्या मनाने यात मिसळू नये. काही औषधे एकमेकांबरोबर नको असतात, आणि यांतल्या काहींचा हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो. हृदयविकार असलेल्या रुग्णाने आपल्या सर्व गोळ्या आधीच दाखवाव्यात.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर घड्याळ पाहावे. अर्ध्या तासाच्या आत झाली किंवा उलटीत गोळी दिसली तर ती पुन्हा द्यायची का, ते फोन करून विचारावे. केमोचीच गोळी असेल, उदाहरणार्थ कॅपेसिटाबिन, तर ती उलटून पडली तरी आपण होऊन दुसरी कधीही देऊ नये. किती शोषली गेली हे कळत नाही आणि दुप्पट मात्रा धोक्याची ठरते. तसेच कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते, तर टेमोझोलोमाइड बहुधा रिकाम्या पोटी, झोपण्यापूर्वी दिली जाते. मळमळ होते म्हणून या वेळा आपापसांत बदलू नयेत.

केमोचा दिवस आणि परतीचा प्रवास

केमोला उपाशीपोटी जावे, असा समज आहे. डॉक्टरांनी तसे मुद्दाम सांगितले नसेल, तर दोन-तीन तास आधी हलके काहीतरी खाऊन जावे : इडली, मऊ उपमा, दूध-पोळी, जे नेहमी पचते ते. सैल कपडे घालावेत. बरोबर रुंद तोंडाचा झाकणाचा डबा, दोन-तीन जाड पिशव्या, ओला नॅपकिन, पाणी आणि एखादे लिंबू ठेवावे. लिंबाची साल नखाने खरवडून नाकाशी धरली की वॉर्डातल्या स्पिरिटच्या वासावर थोडा उतारा पडतो. सलाइन चालू असताना मळमळू लागले तर उलटीची वाट न पाहता लगेच नर्सला सांगावे.

मुंबई-पुण्यात केमो घेऊन सोलापूर, जळगाव, रत्नागिरी अशा लांबच्या गावी त्याच रात्री परतणारी कितीतरी कुटुंबे आहेत. शक्य असेल तर निदान पहिल्या केमोनंतर एक-दोन रात्री जवळच राहावे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे याच रुग्णांमुळे वर्षभर भरलेली असतात, म्हणून चौकशी आधीच करावी लागते. प्रवास करावाच लागला तर गरजेपुरती दिलेली गोळी निघण्याआधी घेण्याबद्दल विचारून ठेवावे, एसटीत पुढची खिडकीकडची जागा घ्यावी, नजर रस्त्यावर दूर ठेवावी आणि मोबाइल पाहू नये.

स्वयंपाकघर

केमोनंतरच्या चार-पाच दिवसांत घरातला खरा शत्रू वास असतो. मोहरी-हिंगाची फोडणी, कुकरची वाफ, तळणाचा धूर, सुकट किंवा बोंबील, इतकेच काय पण उदबत्ती, फिनेल आणि पावडरचा वाससुद्धा मळमळ सुरू करायला पुरेसा असतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्या दिवसांत आमचे वरण-भाजी आपल्या घरी फोडणीला टाकून झाकून आणून दिली. कोणी ‘काही मदत हवी का’ असे विचारले तर हेच सांगावे. ते जमत नसेल तर रुग्ण झोपलेला असताना किंवा बाहेर ओट्यावर बसलेला असताना स्वयंपाक उरकावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ताटावरचे झाकण रुग्णासमोर काढण्याऐवजी आतच काढून वाफ जाऊ द्यावी.

अन्न कोमट किंवा गार झालेले द्यावे, कारण गरम अन्नाला वास जास्त येतो. इथे एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा : ऑक्सालिप्लॅटिन चालू असेल तर त्यानंतर काही दिवस थंड पाणी, बर्फ, आइस्क्रीम, फ्रिजमधले ताक यांतले काहीही देऊ नये. त्या औषधाने नसा थंडीला इतक्या संवेदनशील होतात, की गार घोटाने घशात आवळल्यासारखे होऊन श्वास अडकल्याचा भास होतो आणि माणूस घाबरून जातो. अशा रुग्णाला सर्व काही साध्या तापमानाचे किंवा कोमट द्यावे.

भरलेले ताट समोर ठेवू नये. वाटीभर, दर दोन तासांनी, भूक लागण्याची वाट न पाहता. रिकामे पोट मळमळ वाढवते, आणि हे सकाळी विशेष जाणवते, म्हणून उशाशी ज्वारीच्या लाह्या, कुरमुरे, टोस्ट किंवा साधा खाकरा यांचा छोटा डबा ठेवावा आणि अंथरुणातून उठण्याआधी दोन घास कोरडे खायला लावावेत. त्यानंतर दिवसभरात तांदळाची पेज, मऊ भात आणि मेतकूट, मुगाचे पातळ वरण, नाचणीचे सत्त्व, साबुदाण्याची पातळ खीर, उकडलेला बटाटा, घरी लावलेल्या ताज्या दह्याचा दहीभात, यांतले जे नको वाटणार नाही ते द्यावे. तेलकट, तिखट आणि फार गोड टाळावे. जेवताना पाणी कमी आणि दोन खाण्यांच्या मधे जास्त, असे केले तर पोट डब्ब होत नाही. खाल्ल्यावर निदान अर्धा-पाऊण तास बसून राहावे, लगेच आडवे होऊ नये.

रुग्णाचा सर्वांत आवडता पदार्थ या दिवसांत मुळीच करू नये. यामागे प्रेम असते, पण शरीर त्या चवीची आणि उलटीची गाठ बांधून टाकते. पहिल्या केमोच्या संध्याकाळी मावशीने आईच्या आवडीचे लोणी-थालीपीठ मुद्दाम करून आणले. पुढे वर्षभर भाजणीचा डबा उघडला तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जात असे. आवडीचे पदार्थ केमोनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत, तेव्हा तोंडाला चवही आलेली असते.

‘खाल्ले नाहीस तर ताकद कशी येणार’ हे वाक्य भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि प्रत्येक वेळी रुग्णाला आपण काहीतरी गुन्हा करतो आहोत असे वाटते. तीन-चार दिवस पेजेवर निघाले तर काही बिघडत नाही; या दिवसांत पाणी महत्त्वाचे आहे, डाळी, अंडी, दूध, पनीर यांची भरपाई नंतरच्या चांगल्या दिवसांत करता येते. घास बळेच भरवू नये.

तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहावा. लिंबू, कोकमाचे सार, आवळा सुपारी यांनी पुष्कळांना बरे वाटते, मात्र तोंड आले असेल तर आंबट झोंबते. आल्याबद्दलचे अभ्यास एकमुखी नाहीत. आल्याचा पातळ चहा किंवा आलेपाकाची एखादी वडी घ्यायला हरकत नाही, पण ती गोळ्यांच्या जागी नव्हे, आणि प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर विचारूनच. काढ्यांच्या बाबतीत मी अधिक कडक राहण्याचा सल्ला देईन. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केलेली आहे, आणि केमोची अनेक औषधे यकृतातूनच निकामी होत असताना तिथे आणखी भार टाकणे योग्य नाही. रस्त्यावरचा उसाचा रस, उघडी चिरलेली फळे आणि न उकळलेले पाणी या काळात पूर्ण वर्ज्य.

उलटी झालीच तर

रुग्णाला बसवावे किंवा कुशीवर वळवावे. गुंगीत असलेल्या माणसाला उताणे झोपू देऊ नये. पाठीवर हात ठेवावा, पण चोळत राहू नये, कारण काहींना त्या हालचालीनेच आणखी ढवळते. उलटीनंतर एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या कराव्यात. लगेच दात घासू नयेत. अर्धा तास पोटाला विश्रांती द्यावी आणि मग ओआरएसचा एक चमचा, पाच मिनिटांनी पुन्हा एक, अशी सुरुवात करावी. तहान लागली म्हणून एकदम पेला रिकामा केला तर बहुतेक वेळा तो तसाच परत येतो.

ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे करावे, अर्धे-अर्धे करू नये, आणि केलेले पाणी २४ तासांत संपवावे किंवा फेकावे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे का ते पाहावे. फळांच्या चवीची गोड पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ. सिसप्लॅटिन घेणाऱ्यांच्या बाबतीत पाण्याकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण त्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येतो आणि शरीरातले पाणी कमी झाले तर तो ताण वाढतो. उलट, ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आधीपासून आहे, त्यांनी पाणी, ओआरएस आणि नारळपाणी किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

केमोनंतर निदान ४८ तास उलटी, लघवी आणि शौच यांतून औषधाचे अंश बाहेर पडत असतात. साफ करताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, संडासात दोनदा पाणी सोडावे, आणि घाण झालेले कपडे-चादरी बाकीच्यांपासून वेगळे धुवावेत. हे काम गरोदर स्त्रीने किंवा मुलांनी करू नये. मात्र याचा अर्थ रुग्णाला वेगळे पाडावे असा मुळीच होत नाही. शेजारी बसणे, जवळ घेणे, एका पंगतीत जेवणे यात कसलाही धोका नाही, आणि कर्करोग तर स्पर्शाने पसरतच नाही.

केमोच्या आधीच येणारी मळमळ

दोन-तीन केमो त्रासात गेल्या, की काहींना रुग्णालयाचे फाटक दिसताच, किंवा आदल्या रात्री पिशवी भरतानाच उमासे येऊ लागतात. हे नाटक नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. मेंदूने ती जागा, तो वास आणि ती उलटी यांची सांगड घातलेली असते. एकदा ही सांगड बसली की नेहमीच्या गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत, म्हणून पहिल्याच केमोपासून उलटी रोखणे हाच तिच्यावरचा खरा उपाय. झालीच असेल तर डॉक्टरांना सांगावे. आदल्या रात्री आणि सकाळी घ्यायला लोराझेपामसारखी मन शांत करणारी गोळी ते देऊ शकतात. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू क्रमाने आवळून सैल सोडणे, संथ श्वास, कानात अभंग किंवा आवडते गाणे लावणे, यांचाही उपयोग होतो. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे, आतल्या बाजूला, दोरीसारख्या हाताला लागणाऱ्या दोन कंडरांच्या मधल्या खोलगट जागी अंगठ्याने काही मिनिटे दाबून धरणे काहींना मानवते, आणि त्यात अपाय काही नाही.

कारण केमो नसेल तेव्हा

पाच-सहा दिवस उलटल्यावर नव्याने सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढणारी मळमळ केमोच्या नावावर खपवू नये. वेदनेसाठी सुरू केलेले मॉर्फिन, साचलेला मळ, रक्तातले वाढलेले कॅल्शियम, मूत्रपिंडाचा बिघाड, जंतुसंसर्ग, आतड्यात अडथळा किंवा मेंदूपर्यंत पोहोचलेला आजार, यांपैकी कशानेही उलट्या होतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. सकाळी उठताच डोके ठणकून होणारी उलटी, किंवा पोट फुगून, वारा सरकणे बंद होऊन होणारी उलटी, या दोन्हींत वेळ घालवू नये.

पुढीलपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालयात फोन करावा किंवा निघावे : २४ तास पाणीसुद्धा पोटात न ठरणे, आठ-दहा तासांत लघवी न होणे किंवा ती गडद पिवळी, थोडी-थोडी होणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट काही दिसणे, पोटात तीव्र कळ, आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. केमोनंतरच्या तापात सकाळपर्यंत थांबायचे नसते, आणि पॅरासिटामॉल देऊन ताप उतरला म्हणूनही थांबायचे नसते.

पुढच्या केमोपूर्वी

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘त्रास कसा होता’ या प्रश्नाला आपण ‘थोडाफार झाला’ असे उत्तर देतो, आणि तीच औषधे पुन्हा लिहिली जातात. साध्या वहीत रोजची एक ओळ लिहावी : तारीख, उलट्या किती, कोणत्या वेळी, मळमळ शून्य ते दहांत किती, काय खाल्ले, लघवी-शौच झाले का, कोणती गोळी चुकली. मळमळीचा आकडा रुग्णाला स्वतःला सांगू द्यावा. आई नेहमी ‘बरी आहे’ म्हणायची. आकडा विचारला, तेव्हा तिने सात सांगितला.

गोळी चुकली असेल तर तेही खरे लिहावे, कारण औषध अपुरे पडले की घेतलेच गेले नाही, यावर पुढचा निर्णय ठरतो. मी ती वही दुसऱ्या केमोच्या सकाळी डॉक्टरांपुढे ठेवली, कपाटातल्या गोळ्यांचेही सांगितले. त्यांनी औषध बदलले नाही, रात्रीची एक गोळी तेवढी वाढवली आणि चौथ्या दिवसाच्या तारखेभोवती पेनाने गोल केला. त्या वेळी तिसऱ्या दिवशी पहाटे मी गजर लावून उठलो, तर आई झोपलेली होती. सकाळी तिने लाह्या खाल्ल्या, नंतर वाटीभर पेज घेतली, आणि वहीत त्या दिवसापुढे उलट्यांच्या रकान्यात शून्य आणि मळमळीच्या रकान्यात तीन असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले.